सातवं डोकं

होतं, आणि नव्हतं –
तिकडे गोष्ट अशीच सुरू होते,
आधी हो, मग लगेच नाही,
म्हणजे पुढे कुणी साक्षीला बोलावू नये.

तर होतं, आणि नव्हतं,
व्होरोतान नदीच्या वरच्या अंगाला एक गाव,
अर्धं कड्यावर, अर्धं कड्यात कोरलेलं.
तिथं हेरिकनाझ नावाची बाई.
नावाचा अर्थ : पुरे.
पाचवीही मुलगीच झाली, तेव्हा बापानं देवाला दिलेली ताकीद.
आपल्या नकुशीची ही लांबची बहीण.
(मागोमाग सहावी आली. देवानं ऐकलं नाही.)

लोकर पिंजता पिंजता ती गोष्टी सांगायची,
फक्त रात्री. दिवसा सांगितली
तर कुठंतरी कुणाची तरी वाट चुकते म्हणे.
जमिनीत पुरलेला तोनिर, भाकऱ्या निघाल्यावर उरलेली धग,
त्यावर लाकडी चौकट, चौकटीवर गोधडी,
गोधडीखाली सगळ्या घराचे पाय
आणि त्यांत दोन पाय शेजारच्या घेवोंदचे –
चर्चची घंटा वाजवणाऱ्याचा पोरगा,
नाक वाहतंय, कान टवकारलेले.

हाच घेवोंद पुढं तिफ्लिसला गेला,
रेशमाच्या वखारीत कोशांची वजनं लिहू लागला.
पावत्यांच्या पाठकोऱ्या अंगावर
तिच्या गोष्टी ओळीओळीनं मांडू लागला :
लबाड कोल्ह्याची, टकल्या धाकट्याची,
झरा अडवून बसलेल्या सात डोक्यांच्या देवाची.
(तिकडे देव म्हणजे राक्षस. गैरसमज नको.)
रोज एक पोर घ्यायचा, मग थेंब सोडायचा.
शेवटी एक पोरगी ओच्यात कातर लपवून जाते
मेंढ्या कातरायची,
आणि सहा डोकी उडतात, मग सातवं,
मग लग्न, मग सात दिवस पंगती.

सातव्यापाशी त्याची लेखणी अडली.

त्या उन्हाळ्यात त्याची नुनुफार तापानं फणफणली होती,
चार वर्षांची. पाणी पाणी करत होती.
डॉक्टर म्हणाले होते, घोटभरही द्यायचं नाही.
त्यानं दिलं नाही. शिकलेला माणूस.
सकाळी माठातलं पाणी
होतं तेवढंच होतं.

मग त्यानं लिहिलं :
सातवं डोकं म्हणालं, पोरी,
झऱ्यावर बसून जन्म गेला, राखता राखता प्यायचं राहिलं.
पोरीनं कातर खाली ठेवली.
ओंजळ भरली.

पुस्तक गावात पोचलं. नातीनं वाचून दाखवलं.
हेरिकनाझनं पिंजण थांबवली नाही.
म्हणाली, हे मी सांगितलं नव्हतं.
कोल्ह्याची उचकीही गाळलीय मेल्यानं.

एकवीस वर्षांनी तो परत आला,
दाढी पांढरी, बर्फानं बूट ओले.
गोष्ट चालू होती, म्हणून कुणाला न सांगता
दाराशी बसला, पाय गोधडीबाहेर.
तिला आता दिसत नव्हतं.
सहा डोकी नेहमीसारखी उडाली.
आणि सातवं म्हणालं, पोरी,
राखता राखता प्यायचं राहिलं.

कुणीतरी विचारलं, हे पुस्तकातलं ना गं?
कसलं पुस्तक, ती फणकारली,
माझ्या आजीनं सांगितलंय. तिला तिच्या आजीनं.

घेवोंदनं तोंड उघडलं, मिटलं.
बुटातलं पाणी हळूहळू जमिनीवर येत होतं.
आयुष्यभरात छापून आलेलं सगळं एका बाजूला
आणि हे एक वाक्य,
ज्यावरून त्याचं नाव आत्ताच पुसलं गेलं होतं.
त्याला हसू आलं असेल, किंवा दुसरं काही.
अंधारात कोण बघतंय.

पुरे, म्हणाली हेरिकनाझ,
गोष्टीच्या शेवटी ती हेच म्हणायची,
जणू सही करायची.

पण गोधडीखालून एक बारका आवाज :
पाणी प्यायल्यावर ते डोकं काय म्हणालं?

हे तिच्या आजीनं सांगितलं नव्हतं.
त्यानंही लिहिलं नव्हतं.
म्हातारी जरा थांबली, तोंड दाराकडे वळलेलं,
जिथून ओल्या चामड्याचा वास येत होता.

काही नाही म्हणालं, ती म्हणाली.
अजून पितंय.