तळघरातली ट्रंक

सॅक्रामेंटोत जुलैचं ऊन
थेट कामठीचं होतं,
निंबाची सावली तेवढी नव्हती.
बसमधून उतरले, दोन गल्ल्या चुकले,
मग ते दिसलं :
तांबूस विटा, छपराची टोकं किंचित वर उचललेली,
पाहुणं दारात बघून कुणी भुवया वर कराव्यात तशी.

आत बाकं. चर्चमध्ये असतात तशी.
कोपऱ्यात ऑर्गन, त्यावर क्रोशाचं झाकण.
चपला काढू का, कुठं काढू,
उंबऱ्याशी घुटमळत राहिले.
"राहू द्या," पुढून आवाज आला,
"माझी आईही रोज इथंच अडायची,
आणि मग बूट घालूनच आत यायची."

हिसाए मोरिनागा. वय ब्याण्णव.
हातात फडकं, मांडीवर पितळी घंटा.
पुढच्या शनिवारी सण होता, पितरांसाठी नाचायचा.
"तुम्ही कुठल्या?"
नागपूरकडच्या, म्हटलं.
"तसं नाही. कुठल्या पंथातल्या?"

हा प्रश्न मी ओळखते.
तो पाण्याच्या ग्लासाआधी येतो,
भाड्याच्या खोलीच्या किल्लीआधी येतो,
आडनावावरून भागलं नाही तर गाव विचारतो,
गावावरून नाही तर गावाची बाजू.
सात समुद्र ओलांडून आले
तरी पोटात तीच जुनी गाठ, त्याच जागी.

ती तर नुसती कपाटाकडे बोट दाखवत होती.
पुस्तकांचे दोन गठ्ठे.
"जपानी देऊ की पाली?"

पाली, म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला.

रोमन अक्षरांत 'बुद्धं सरणं' वाचताना
मी दोनदा अडखळले,
जे माझ्या आईनं कधी वाचलंच नव्हतं.
मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं,
ओठांत गाथा.
एका पंचशीलाला दोन विड्या, असा तिचा हिशेब.
मुकादम म्हणायचा, बाई पुटपुटते फार, पण हात चालतो.

"खाली चला," हिसाए म्हणाली.
तेरा पायऱ्या. प्रत्येकीवर ती थांबली.
"बेचाळीस साली सरकारनं आम्हाला उचललं.
दोन हातांत मावेल तेवढंच घ्या, म्हणाले.
मी दहा वर्षांची. बाहुली घेऊ की कोट?
बाकी सगळं इथं आणून रचलं.
शिलाई मशिनी, लोणच्याची मडकी,
कुणाचं तरी लग्नातलं आरशाचं कपाट."

लोक परतले, आपापलं घेऊन गेले.
बरेचसे.
एक ट्रंक राहिली.
चिठ्ठीवर नाव नाही, पाच आकडी नंबर नुसता.
घराघराला नंबर होता तेव्हा.
"तुमचा?" मी विचारलं.
तिनं तो न थांबता सांगितला,
आपण फोन नंबर सांगतो तसा.

"आणि ही कुणी उघडली नाही?"
"किल्ली त्यांच्याकडे आहे ना," ती म्हणाली,
आणि मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय
अशा नजरेनं बघत राहिली.

शाळेच्या दाखल्यावरचं आडनाव बदलून घ्यायला
बापानं रामटेकच्या किती चकरा मारल्या,
कारकून दरवेळी म्हणायचा, जुनं काय वाईट होतं,
हे सगळं सांगावंसं वाटलं.
इंग्रजीत जुळेना.
तिनं दुसरं फडकं पुढं केलं.
डावी बाजू मी पुसली. कडीत अडकलेली धूळ
निघता निघेना, तर ती म्हणाली, असू दे, पुढच्या वर्षी.

वर आल्यावर वही.
नाव देवनागरीत लिहिलं, बापाच्या नावासकट.
तिनं कागदाला नाक टेकवलं.
"ही वरची रेघ कशाला?"
अक्षरं हिला लटकतात, म्हटलं.
"वाळत घातल्यासारखी," आणि हसली,
खालची कवळी सावरत.

निघताना पिशवीतली मेणबत्ती आठवली.
बसच्या खिडकीतल्या उन्हानं ती
पार वाकली होती, कोपरासारखी.
लाजतच दिली.
हिसाएनं ती दोन्ही तळव्यांत धरली,
माझ्याशी बोलत बोलत
हळूहळू सरळ करू लागली.