तोंडातले मूग

आज अठरावा दिवस. तिनं काही खाल्लेलं नाही.
निर्जळी म्हणता येत नाही, पाण्यातच आहे ती,
पण समोरून दाणा तरंगत गेला तरी
मान फिरवते.
हनुवटी फुगलेली, ओठ घट्ट,
आतल्या आत काहीतरी घोळवत राहते,
जसं एखादं नाव जिभेवर असावं
आणि आठवू नये.

मूग गिळून बसणं सोपं.
ते मी एकतीस वर्षं केलं, खाणीवर आणि घरी.
मूग न गिळता तोंडात धरून बसणं
हे या बोटभर पिवळ्या मासोळीकडून बघतोय,
ओस्त्राव्हात, सातव्या मजल्यावर, फेब्रुवारीत.

आमच्या नळाला डोंगरातलं पाणी, मऊ.
हिच्या पणजीचं तळं आफ्रिकेतलं, खडकांचं, जड पाण्याचं.
म्हणून यार्मिलाचा केकचा सोडा
चमच्यानं मोजून टाकीत जातो
आणि रविवारचा केक बसतो.
ती काही बोलत नाही. बशी जरा जोरात ठेवते.
टबात बादल्या, बादल्यांत मागच्या वेळची पोरं,
आंघोळीला आम्ही लेकीकडे जातो,
ट्रामनं, टॉवेल काखेत मारून.

नराच्या खालच्या परावर ठिपके असतात,
हुबेहूब अंडी.
ही ती वेचायला गेली आणि फसली,
फसली म्हणून तोंडातली अंडी फळली.
तेव्हापासून तो दगडापलीकडे, दुसरीच्या मागे.
हे मी यार्मिलाला सांगितलं.
ती म्हणाली, मला काय सांगतोस.

हाविर्झोव्हचा बोर्झिवोय म्हणतो, वाट बघू नकोस.
पहिलटकरीण आहे, दचकली की गिळून टाकेल.
जाळीत धर, ओठांत काडी घाल,
डोकं खाली करून पाण्यात हळू हलव,
सगळी सांडतील.
विकलीस की नवा हीटर येईल.

मी बाह्या दुमडल्या.
याच हातांनी खाणीचा पिंजरा खाली सोडला, वर ओढला,
घंटेच्या ठोक्यांवर.
ती ओल्या मुठीत धडपडलीसुद्धा नाही.
काडीनं जबडा तसूभर उचलला
आणि आतल्या काळोखातून
कितीतरी डोळे
माझ्याकडे बघत होते.

मी कधी खाली गेलो नव्हतो.
मी वर, गरम खोलीत, लिव्हरपाशी.
माणसं मला आकड्यांतच कळायची.
अकरा गेले.
एकदा दहा आले.

काडी काढून घेतली. तिला सोडलं.
बोर्झिवोय फोनवर हसला,
काय रे, हात कापायला लागले?
हो म्हटलं.

तेविसाव्या रात्री, तीनच्या सुमाराला,
यार्मिला पाणी प्यायला उठली होती.
मला गदागदा हलवलं.
अरे ऊठ, ती ओकतेय.

जिऱ्याएवढी पोरं. हललेली कळावीत एवढीच.
आणि ती त्यांच्यावर, पोट खपाटीला, हाडंहाडं,
ओठ पहिल्यांदाच सैल.
मी वाकलो तशी माझी सावली पडली,
तिनं आ केला
आणि सगळी एका दमात आत.
पिंजरा भरला. घंटा कुणी दिली नाही.
आम्ही दोघं श्वास धरून अंधारात उभे,
पाय गार पडले होते,
गुडघ्याचं कुणीच बोललं नाही.
मग एक बाहेर आलं. मग तीन.

सोळा, मी म्हणालो.
सतरा, यार्मिला म्हणाली.
पुन्हा मोजले. सोळा.
दगडामागे एक आहे, ती म्हणाली,
तुला नाही दिसणार, चष्मा आण.

चष्मा आणला. काचेला नाक लावलं.
दगड, शेवाळ, पंपाचे बुडबुडे.
ती तोवर स्वयंपाकघरात गेली होती,
उलट्या बाटलीतल्या मिठाच्या पाण्यात
पोरांच्या न्याहारीची कोळंबी फुटली का बघायला.

मला काही ते दिसलं नाही.
वहीत सतरा लिहिले.