खालून वाढणारं

भाद्रपद सरत आला की मी कॉलेजातून
भिंग, चाकू आणि रद्दीचा एक कागद घेऊन
शेवंती घाडीणीच्या पोफळीत जाते.
पाटाच्या कडेला, जांभ्याच्या ओल्या चिऱ्यावर
ते चिकटलेलं असतं, हिरवं, कुरळ्या काठाचं,
रुपयाएवढं.
त्यावर शिंगं. गोधडीच्या सुया जशा.

पुस्तकातलं नाव लांबलचक आहे.
शिंगाळी म्हणावं, तर शेवंतीला मासळी आठवते.

"ह्या कसला औषध गो?"
कसलंच नाही.
"मगे कित्याक व्हया?"

मी भिंग तिच्या हातात देते.
ते निळे-काळे ठिपके दिसतात? ती कुळं.
पोकळीत राहतात, हवेतला नत्र ओढतात,
खंड म्हणून भरतात. वेळेवर.

चिऱ्यावर पाण्याचा पापुद्रा असतो,
तेवढ्यात नराचं बीज निघतं, दोन शेपट्या हलवत.
थेंबाची खाडी. तर नाही, तांडेल नाही.
पलीकडे मादीचं बीज मांसात रुतून बसलेलं.
बहुतेक वाटेतच संपतात.
एखादं पोचतं, त्याचं शिंग होतं.

शिंग आईला सोडत नाही.
तिच्यात पाय रोवून, तिचंच पीत उभं.
"आमच्या बाबल्यासारख्या," शेवंती म्हणते,
"अडतीस वर्सां झाली."

तसं अगदी नाही, मावशी.
हेही हिरवं आहे, थोडं आपलं आपण रांधतं.
आणि शेंड्याने वाढत नाही हे.
बुडाशी, आईच्या अंगालगत, रोज नवं होतं,
म्हणून शेंडा सगळ्यात म्हातारा.
तोच आधी पिकतो, तपकिरी होतो, दुभंगतो,
दोन फाका पीळ घेत मागे वळतात,
बीजाणू वाऱ्यावर.
आणि खाली त्याच वेळी
कोवळं चालूच असतं.

चोवीस वर्षं वर्गात सांगते हे.
या ओळीला पोरं वहीत खाली मान घालून लिहितात,
मी खिडकीकडे बघते.

शेवंती काही बोलली नाही.
सुपारीची एक पोय ओढत खळ्याकडे गेली.
भिंग तिच्याकडेच राहिलं.

आठवड्याने गेले, तर ती पाटाशी उकिडवी,
एका हातात भिंग, एका हातात झाडूचा हीर,
पानाचा डबा उघडाच.

"बुडाक चुन्याचो टिपको लायलंय," म्हणाली,
"आज बघ.
वर गेलो."