कच्चा निळा

वूचच्या या नऊ मजली इमारतीत
मरायला टेकलेलं ऑर्किड कुणी फेकत नाही,
माझ्या दारात आणून ठेवतात.
घंटीसुद्धा वाजवत नाहीत.
सकाळी कचरा टाकायला दार उघडावं तर पायपुसण्यावर
एक पारदर्शक कुंडी, दोन लोळागोळा पानं,
वाळलेली दांडी, आणि तिला अजून
दुकानातला फुलपाखराचा चिमटा.

मी पट्टीवर पेन्सिलीनं लिहिते:
चौथा मजला, डावं दार.
किंवा: लिफ्टमधला खोकला.
किंवा नुसतंच प्रश्नचिन्ह.
रंग कोणता, ते त्याचं त्याला ठाऊक.
दीड वर्ष, कधी दोन, मी फक्त मुळं बघते.
चंदेरी दिसली की तहान,
हिरवी झाली की पुरे.

याला माती चालत नाही, हे कुणाला पटत नाही.
झेनोन आजोबांनी तर बागेतली काळी माती दाबून भरली होती,
वर मूठभर कोंबडखत.
कुजकी मुळं मी कात्रीनं कापत होते
आणि ते शेजारी उभे, टोपी हातात,
ऑपरेशनच्या खोलीबाहेर उभं राहावं तसे.

एकतीस वर्षं मी गिरणीत, रंगखात्यात होते.
तिसरा हौद. निळा.
बोटांच्या पेरांत इतका मुरला होता
की लग्नात हातमोजे घालावे लागले.
गिरणी बंद पडली तरी सहा महिने होता तिथे,
मग एक दिवस नव्हता.
आता त्या जागी कॉफी मिळते म्हणे.
मी गेले नाही.

मागच्या मार्चात तळमजल्यावरची याग्ना आली,
वय साडेसात, अर्ध्यावर जोर देऊन सांगितलेलं.
हातात निळं ऑर्किड, तिच्या आईच्या वाढदिवसाचं.
एकच फूल उरलेलं,
शाई प्यायलेल्या टिपकागदासारखं.
"हे परत येईल ना? असंच?"

कुंडी वळवून पाहिली.
दांडीच्या पहिल्या पेराखाली
सुईचं भोक, मेणानं बुजवलेलं.
आमच्या मुकादमानं असला रंग पाहिला असता
तर अख्खा ताका परत धाडला असता.
कच्चा आहे गं पोरी, पहिल्या पाण्यात जाईल,
जिभेवर आलं होतं.
"येईल," मी म्हणाले.
"असंच"वर काही बोलले नाही.
तिनं पट्टीवर स्वतःच लिहिलं: निळं.
खाली दोन रेघा.

ऑक्टोबरात खिडकी चार बोटं उघडी ठेवली.
रात्रीचा गारठा लागल्याशिवाय हे दांडी काढत नाही.
तीन आठवडे मी कोट घालून जेवले.
मग पानाच्या बगलेतून एक टोक,
मूळ की दांडी, आठ दिवस कळेना,
नंतर त्याला बाळाच्या लोकरी मोज्यासारखा
अंगठा फुटला.

याग्ना बर्फ वितळवून, कोमट करून आणायची,
चमच्यानं घालायची, मोजत.
कळ्या हिरव्या होत्या. मग फिक्या.
मी रात्री दिवा लावून बघायची.
सुई घरात होतीच, इन्सुलिनची.
शाई कोपऱ्यावरच्या दुकानात, साडेचार झ्लॉटी.
आणली. खोटं कशाला बोलू.
अजून फडताळात आहे, मिठाच्या मागे,
न फोडलेली.

जानेवारीतल्या एका मंगळवारी उघडलं.
पांढरं.
असं पांढरं, जे हौदात जाण्याआधी
कापड असतं.

याग्नानं दप्तर उतरवलं नाही.
आधी फुलाच्या मागे वाकून पाहिलं,
मग कुंडीखालच्या बशीत,
तिथल्या पाण्यात.
"कुठे गेलं?"
मी माझी बोटं पुढे केली, पेरं उलटी करून.
"इथेही होतं," म्हटलं.
तिनं ती नीट तपासली, डॉक्टरसारखी,
एकेक.

मग पेन्सिल मागितली.
वाटलं, आता खोडेल.
तिनं काही खोडलं नाही. निळंच्या पुढे
एक शब्द लिहिला: होतं.

"आईला काय सांगायचं?"
ते मला माहीत नव्हतं.
दारात कुणीतरी नवी कुंडी ठेवत होतं, दबक्या पावलांनी.
आम्ही दोघी गप्प राहिलो,
त्याला जाऊ दिलं.