अंगठा

मोआ नदीकाठच्या त्या हॉस्पिटलात नळ होते,
नळांना पाणी नव्हतं.
एक निळं पिंप, त्याला तोटी, तोटीखाली घमेलं,
आणि शेजारी दोरीला बांधलेला साबण,
कारण सुटा साबण संध्याकाळ बघत नसे.

पहिल्याच दिवशी येमा सिस्टरने आमचे डोळे बांधले
मुदत उलटलेल्या बँडेजपट्ट्यांनी.
तळहातावर ओतली कसाव्याची गार, पांढरी खळ.
म्हणाली, धुवा. रोज धुता तसेच.
आम्ही अकरा जणी अंधारात हात चोळत राहिलो.
तेन्ने खुदखुदत होती,
बाहेर कुणीतरी जनरेटरला शिव्या घालत होतं.

पट्ट्या सुटल्या.
तळवे पांढरेफटक, पिठात बुडवून काढल्यासारखे,
आणि प्रत्येकीचा अंगठा
जसाच्या तसा. काळाभोर, कोरडा.
बेचक्या कोरड्या. नखांच्या कडा कोरड्या.
माझ्या अंगठीखाली एक बारीक वर्तुळ,
जिथे मी वीस वर्षांत पोचलेच नव्हते.

'सुई धरता कशानं?'
अंगठ्यानं, सिस्टर.
'नाडी तेवढी अंगठ्यानं बघायची नाही. बाकी सगळं?'
अंगठ्यानंच.
'आणि तापातल्या बाळाचं तोंड उघडता कशानं?'
कुणी बोललं नाही.
अंगठी मी त्या रात्री पेटीच्या तळाशी टाकली.

तिची शिकवण अशीच, अळणी.
हातमोजा म्हणजे माफीपत्र नव्हे.
काढताना उलटा काढा, पाप आत राहू दे,
आणि काढल्यावर पुन्हा पिंपाकडे.
वापरलेल्या सुईला टोपण घालू नका,
ती काही लाजत नाही, सरळ पिवळ्या डब्यात टाका.
धुतलेले हात झटकू नका.
ऑपरेशनच्या दारात हात वर करा,
पाणी कोपरावरून गळू द्या.
एरवी कुणी हात वर केले
तर मला येऊन सांगा.

क्लोरीनच्या दोन बादल्या: हातांची सौम्य,
फरशीची दसपट कडक.
तेन्नेने एकदा घाईत अदलाबदल केली.
आठवडाभर उकडलेल्या रताळ्यासारखी तिची साल निघत होती.

ती कुणाशी हात मिळवत नसे.
भेटलं की छातीवर तळवा, मान किंचित खाली.
जेनेबाने विचारलंच, अजून का, सिस्टर? ते वर्ष तर संपलं.
ती चादरीची घडी घालत होती.
'माझ्या आईला शेवटची आंघोळ मी घातली नाही.
मला येऊ दिलं नाही, मी ड्यूटीवर होते.
नऊ जणींनी घातली.'
मग तिने नऊ नावं घेतली,
वर्गाची हजेरी घ्यावी तशी, प्रत्येक नावानंतर थांबत.
आमच्यातलं कुणीच हलेना.
घडी चुकली होती. तिने ती उलगडून पुन्हा घातली.

तिसऱ्या महिन्यात, मुलांच्या वॉर्डात,
डॉक्टर सांडी एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे निघाले
तेच हात घेऊन.
मी ट्रे धरून मागे.
जीभ टाळ्याला चिकटली. बोलता येईना, म्हणून
मी नुसता अंगठा उचलून दाखवला.
त्यांना वाटलं, शाबासकी. हसले.
'नाही सर,' मी म्हणाले, माझाच आवाज मला अनोळखी,
'अंगठा. तुमचा. धुवायचा राहिलाय.'

वॉर्ड इतका गप्प झाला
की सलाईनचे थेंब मोजता आले असते.
ते मुकाट्याने पिंपाकडे गेले. तोटी फिरवली.
दोन थेंब, आणि एक खोल हवेचा उसासा.

मी बादली उचलून धावले.
परतले तेव्हा ते तिथेच उभे होते,
हात अंगापासून लांब धरून,
आंबे चोरताना सापडलेल्या पोरासारखे.
तीन नंबरच्या खाटेवरची चिमुरडी उठून बसली होती,
आणि त्या दोन मोठ्या, ताटकळलेल्या हातांकडे
टक लावून बघत होती.