तंबू नंबर सात

लेकीला कॅम्पवर बक्षीस मिळालं :
आईवडिलांना एक रात्र फुकट,
जेवण धरून, चहा धरून, मालिश सोडून.
शेवंतीनं तीन साड्या काढल्या, दोन परत ठेवल्या.
मी बूट पुसले.

रिवण सोडून खाणीचा जुना रस्ता.
फाटकावर देहरादूनच्या पोरानं
ओला, थंड, वासाचा टॉवेल पुढे केला,
"रेड डेझर्टमध्ये आपलं स्वागत."
टॉवेल इतका पांढरा होता
की मी तो न वापरताच खिशात घातला.

पाटीवर उंट. पाटीमागे खरा उंट,
बाडमेरहून ट्रकात उभा राहून आलेला,
आमच्या दमट हवेत वैतागलेला,
पुढ्यात काजूच्या बोंडांची पाटी.
त्याचा माणूस सवाईराम मला हळूच विचारतो,
"भाऊ, ह्यांची वाळू आहे कुठे?
ही तर माती. खुराला चिकटते."
मी म्हटलं, मातीसुद्धा नव्हे.
टाकलेलं आहे.

सात नंबरच्या दारात पायांनाच आधी कळलं.
इथे काटा होता.
इथे टिपर चढवायचा, इंजिन बंद,
खिडकीत कायतान चिठ्ठी फाडायचा,
दहा टन, सव्वादहा,
आणि वर एक शिवी, दोस्तीखात्यात.
आता तिथे आंघोळीचं टब,
चार पितळी पंजांवर उभं.
शेवंतीनं पाण्यात एक बोट बुडवलं
आणि लुगड्याला पुसलं.

संध्याकाळी मोठे पंखे लावले.
पूर्वी टँकर पाणी मारत फिरायचा, धूळ बसावी म्हणून.
आता धूळ उडवतात,
सूर्य तिच्यातून बरा दिसतो, फोटोत.
बारा वर्षं जिनं माझे शर्ट दगडावर आपटले
ती खुर्चीत अवघडून बसली होती,
तळहातानं टेबल पुसत, पुन्हा पुसत.

गाईड पाहुण्यांना सांगत होता,
समोरची टेकडी वाऱ्यानं घडवली,
हजारो वर्षं, कणाकणानं.
वाऱ्यानं?
दोन हजार सहा ते बारा,
दिवसाला अकरा खेपा,
चांगलं ते सावर्ड्याच्या धक्क्यावर, बार्जेत, चीनला,
उरलेलं इथे.
ती डावीकडची उतरण दिसते ना,
तिथे माझा ब्रेक एकदा लागला नव्हता.

तोंड उघडलंच होतं.
तेवढ्यात लेक दिसली,
खाकी गणवेश, ट्रेवर सोलकढीचे उंच ग्लास,
नुसती बघत होती माझ्याकडे.
मी म्हटलं, "हवा छान आहे."
एक बाई म्हणाल्या, "हो ना? किती शुद्ध!"

रात्री झोप नाही.
पलंग एवढा मोठा की शेवंती पलीकडच्या गावात.
एकही यंत्र नाही, कुत्रा नाही,
लांब कुठे उंट खोकतो तेवढंच.
मग अंधारातून ती :
"बाबांचं कुळागर ह्याच्याच खाली ना?"
"हं."
"आणि झर?"
"झरही."
बराच वेळ काही नाही.
मला वाटलं, झोपली.
"किती खेपा पडल्या त्यावर?"

मी खेपांवर जगलो. खेपा मोजून हप्ते फेडले,
पोरीची फी, हिच्या कानातले,
घराची कौलं काढून स्लॅब.
डायरी अजून कपाटात आहे, तारखांसकट.

"मोजल्या नाहीत," मी म्हटलं.
ती कूस वळली. पलंग हललाही नाही.

सकाळी कापलेली पपई, तीन तऱ्हेचे पाव,
एकातही आमच्या पोदेराची चव नाही.
लेकीनं फाटकापर्यंत सोडलं,
"बाबा, आवडलं ना?"
आईनंच उत्तर दिलं, "पाणी गरम होतं गो."

महिना उलटला तेव्हा कळलं :
सात नंबरचा एक टॉवेल कमी भरला,
तिच्या पगारातून कापला.
मी बाहेरगावची पँट शोधली. खिशात होता,
चौकोनी, कडक वाळलेला.

शेवंतीनं धुतला, दोरीवर घातला.
परत द्यायला लेक तयार नाही,
वापरायला कुणी नाही.
दोरीवरच असतो.
रोज कुणीतरी तो काढतं, झटकतं,
आणि पुन्हा घालतं.