चौथा नकाशा

पहिल्या नकाशात मी दक्षिणेला भिंतभर काच टाकली होती.
चंद्रकलाबाई खंडारेंनी चष्मा पुसला,
कागद फिरवून पाहिला आणि विचारलं,
"ह्या दुकानात काय विकाचं हाय?"

पूर्णेकाठचं खारपाणातलं गाव.
विहिरीला पाणी आहे, पिता येत नाही.
मे महिन्यात जमीन उघडते.
प्लॉटच्या मधोमध एका भेगेत मी टेप सोडला,
चौदा इंच सरळ गेला, मग कुठेतरी वळला.
"पावसात मिटते," गुणवंत गवंडी म्हणाला,
"पण भितीले विचारून मिटत नाई."

म्हणून पाया डमरूच्या आकाराच्या खांबांवर,
जिथे माती फुगणं-आटणं विसरते तिथपर्यंत खोल.

दुसऱ्या नकाशातून काच गेली.
पश्चिमेची भिंत आंधळी केली, दीड फूट जाड.
तिसऱ्यातून आतल्या भिंती गेल्या, कपाटं गेली,
कोनाडेही पुसून टाकले.
कागद जवळजवळ पांढरा.
सत्तेचाळीस अंशांत पंख्याखाली बसून
मला त्या पांढरेपणाचा अभिमान वाटत होता.
घरातली सगळ्यात मोठी खोली जमिनीखाली,
तिथे छपरावरून उतरलेला पाऊस राहणार.

बाईंनी तो कागद थर्मामीटरसारखा
डोळ्यांजवळ धरला.
एकतीस वर्षं नर्स, अकरा गावं, आधी पायी, मग लुनावर.
"कोणाच्याई घरात शिरलं का मी तीन गोष्टी पाहो.
पाणी कुठी तापते. उजेड कुठून येते.
आन् बाईले धराले काय हाय."

धरायला?

"कळ आली का हात भितीवर जाते.
सुन्या भितीवरून हात घसरते, माय."

बासष्टीच्या, एकट्या. ह्या घरात
कुणाचं बाळंतपण होणार आहे, हे मी विचारलं नाही.
उठताना त्या गुडघ्यावर हात देतात, ते दिसत होतं.
चौथ्या नकाशात कमरेच्या उंचीवर
सागाची एक आडवी पट्टी काढली,
मोरीपासून खाटेपर्यंत, खाटेपासून दारापर्यंत.
रुंदी दोन बोटं. कडा गोल.

छपराचं मात्र अडलं.
स्लॅब म्हणजे रात्रभर न उतरणारा तवा.
गुणवंत दोन दिवस काही बोलला नाही,
तिसऱ्या दिवशी सायकलवर पोतं लादून आला.
पांढुरकी, जिभेला झोंबणारी माती.
"खारी. बुढ्याच्या धाब्यावर हेच होती."
जी खार पायातून वर चढून भिंतीचा रंग सोलते
तीच डोक्यावर पसरली की थेंब खाली येऊ देत नाही.
माझ्या पाच वर्षांच्या कॉलेजात
मीठ नेहमी नुकसानीच्या धड्यात होतं.

सागाच्या कड्या, वर तुराट्या, वर चिखल, वर खारी वीतभर.
गुणवंतच्या बायकोनं, कांताबाईनं, ती पायांनी दाबली,
एका कडेनं दुसऱ्या कडेला, मोबाईलवर
भावाशी भांडता भांडता.

सामान एका ॲपेत आलं:
पेटी, स्टोव्ह, दोन गाद्या,
झाकण नसलेला कुकर.
बाईंनी फक्त एक खिळा मागितला, उत्तरेच्या झरोक्याजवळ.
मी जागा मोजायला लागले, तोवर त्यांनी ठोकलाही.
त्यावर बाळं तोलायचा काटा अडकवला,
खाली कापडाची झोळी, धुऊन धुऊन विरलेली.

नागपूरहून फोटोवाला आला तेव्हा म्हणाला,
तेवढं काढलं तर भिंत स्वच्छ येईल.
बाईंनी त्याला चहा दिला.
बशीही दिली.

चारनंतर झरोक्यातून वारा येतो,
टाकीवरून गार होऊन.
झोळी फुगते,
काटा शून्यावरून हलतो,
पन्नास ग्रॅम, कधी साठ,
आणि पुन्हा मागे.